घड्याळाची चेन घरी बसवायचीय? आधी पिन बघ

अगं, तुझ्या नव्या घड्याळाची स्टीलची चेन मनगटावर बांगडीसारखी फिरते, हे माझ्या लक्षात आलंय. सकाळच्या लोकलला वरची कडी धरलीस की ती पार कोपराकडे घसरत असणार. आणि संध्याकाळी मीरा रोडला उतरून शांती नगरात पोचेपर्यंत घड्याळवाल्याचं दुकान बंद होतं, म्हणून तू अवजारं मागवायचं म्हणतेयस. मागव ना. बायकांनी हातोडी-पंच हाताळायला शिकलंच पाहिजे, असं माझं मत आहे. फक्त तो शंभर-दीडशे नगांचा डबा नको घेऊस. त्यातली बरीचशी अवजारं घड्याळाचं मागचं झाकण उघडायची असतात, आणि झाकणाला आपण हात लावायचा नाही. आतलं रबरी वायसर जरा जरी वाकडं बसलं तरी पावसाळ्यात पाणी शिरतं.

पैसे खर्च करण्याआधी चेनचं कुलूप उलटं करून बघ. त्याच्या कडेला ओळीने दोन-चार बारीक भोकं असतील तर कदाचित एकही कडी काढावी लागणार नाही. तिथली स्प्रिंगची पिन दाबून एक भोक पुढे सरकवली की दोन-तीन मिलिमीटर कमी होतात. त्याला लागतं ते एकच अवजार, स्प्रिंगबार टूल: एका टोकाला बारीक दुबेळकं, दुसऱ्या टोकाला सुई. हे मात्र चांगल्या पोलादाचं घे, इथे काटकसर नको. चामड्याचा पट्टा बदलायलाही हेच चालतं. पट्टा घेताना घड्याळाच्या दोन शिंगांमधलं अंतर पट्टीने मोज. ते बहुधा 18, 20 किंवा 22 मिलिमीटर भरतं, बायकांच्या घड्याळात 12 किंवा 14. स्प्रिंगची पिन टुणकन उडते आणि सोफ्याखाली गेली की मिळत नाही, म्हणून हात पारदर्शक पिशवीत घालून काम कर.

कडी काढायचीच वेळ आली तर आधी चेनच्या आतल्या बाजूला बाण आहेत का ते भिंगाने बघ. बाण असतील तर साधी पिन आहे. बाणाच्या दिशेने ती बाहेर ढकलायची आणि परत घालताना उलट दिशेने घालायची. कडेला खाच दिसली की लगेच स्क्रू समजू नकोस. पिनेचं टोक मधोमध चिरलेलं असतं, त्याची केसाएवढी रेघही खाचेसारखीच दिसते. ती फिरवायला गेलीस तर पेचकसाने चरे पडतील. खाच रुंद आणि खोल असेल तरच स्क्रू, आणि त्याला खाच पूर्ण भरेल एवढ्या रुंदीचं पातं हवं, साधारण 1.2 ते 1.6 मिलिमीटर. स्क्रू घट्टच असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने जरा गरम कर. आत लावलेला गोंद सैल होतो.

पिनेसाठी प्लॅस्टिकचा खाचांचा ठोकळा, छोटी हातोडी आणि 0.8 ते 1 मिलिमीटरचा पंच एवढं पुरे. स्क्रू पिळून पिन ढकलणारं ते प्लॅस्टिकचं यंत्र स्वस्त असतं, पण त्याची सुई जराशी तिरकी लागली तरी वाकते, म्हणून मला त्याचा भरवसा नाही. पंचाची जास्तीची टोकं मात्र घेऊन ठेव. हातात धरूनच घ्यायचं असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरची दुकानं रांगेने आहेत, एखाद्या सुट्टीच्या दिवशी चक्कर मार. काम करताना खाली स्टीलची थाळी आणि तिच्यात पांढरा रुमाल अंथर. काही चेनमध्ये पिनेबरोबर तांदळाच्या दाण्याहून लहान नळी असते. ती पडली आणि हरवली तर पिन धरतच नाही.

कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढ; विषम संख्या असेल तर जास्तीची सहाच्या बाजूची. माप दुपारनंतर घे, उकाड्यात मनगट फुगलेलं असतं. कुलुपाखाली करंगळी सहज गेली की माप बरोबर.

घरात एचएमटीचं जुनं घड्याळ असेल तर त्याच्यावर मात्र हात साफ करू नकोस. एचएमटीने 1961 मध्ये बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये सरकारने तो घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. त्याची मूळ चेन पुन्हा मिळणं कठीण, त्यामुळे ते जाणत्या घड्याळवाल्याकडेच दे, रविवारी वेळ काढून.

आणि हो, काढलेल्या कड्या आणि पिना एका डबीत घालून त्या घड्याळाच्या खोक्यातच ठेव. पुढे मनगट भरलं किंवा घड्याळ दुसऱ्या कुणाला द्यायचं झालं, तर त्याच लागतील.