नाव, गाव आणि नोंद : ग्रीक स्थलांतरितांच्या कुळकथेचा शोध

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आठवावे, अशी सवय क्रमिक पुस्तकांनी आपल्याला लावली आहे. वस्तुतः ज्या घरात कोणी राजा झाला नाही की कोणी ग्रंथ लिहिला नाही, त्या घरालाही इतिहास असतो, आणि तो शोधण्याची शास्त्रशुद्ध रीतही असते. या रीतीचा एक उत्तम पाठ अमेरिकेत गेलेल्या ग्रीक मजुरांच्या वंशजांकडून घेता येतो. खेड्यापाड्यांतून निघालेली, हातावर पोट असलेली ही माणसे होती. त्यांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी आपली कुळकथा कशी जुळवली, हे स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही येथे मांडत आहोत.

ते का निघाले?

दक्षिण ग्रीसमधील पेलोपोनीज हा प्रदेश बारीक काळ्या मनुकांच्या पिकावर जगत होता. फ्रान्समधील द्राक्षबागा रोगाने उद्ध्वस्त झाल्या तेव्हा या मनुकांना भाव आला. त्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या, तशी मागणी घटली आणि १८९३ च्या सुमारास भाव कोसळला. त्याच वर्षी ग्रीस सरकारनेही दिवाळे जाहीर केले. डोक्यावर कर्ज आणि घरात लग्नाच्या बहिणींच्या हुंड्याची चिंता, अशा स्थितीत तरुण बोटीवर चढले. १८९० ते १९२४ या काळात चार लाखांहून अधिक ग्रीक अमेरिकेत पोहोचले. कोणी पश्चिमेकडे रेल्वेचे रूळ टाकले, कोणी लोवेलच्या कापडगिरण्यांत राबले, कोणी युटाच्या तांब्याच्या खाणीत उतरले, तर बेटांवरचे पाणबुडे फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज येथे समुद्रातून स्पंज काढू लागले. पुढे १९२४ च्या कायद्याने ग्रीसमधून वर्षाला अवघ्या १०० जणांना प्रवेश ठेवला आणि हा ओघ आटला.

आठवण आणि कागद

शोधाची पहिली पायरी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी ही होय. परंतु आठवण हा पुरावा नव्हे. तो पुराव्याकडे नेणारा रस्ता आहे. अनेक ग्रीक-अमेरिकन घरांत एक कथा हमखास ऐकू येते : आजोबा न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरले आणि तेथील अधिकाऱ्याने त्यांचे लांबलचक नाव तोडून टाकले. हे बेट १८९२ पासून १९५४ पर्यंत स्थलांतरितांच्या तपासणीचे ठाणे होते. तेथील अधिकाऱ्यासमोर बोटीची प्रवासी यादी असे, आणि ती बोट सुटली त्या बंदरातच तयार झालेली असे. अधिकारी नवे नाव देत नसे. यादीतल्या नावावर खूण करीत असे. नावे बदलली ती नंतर, कारखान्यात, दुकानात, नागरिकत्वाच्या अर्जावर, आणि बहुधा त्या माणसांनी स्वतःच बदलली. म्हणूनच शोधकाने यादीत अमेरिकेतले नाव न शोधता ग्रीक नाव शोधले पाहिजे.

ही यादी म्हणजे माहितीची खाण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील याद्यांत वय, व्यवसाय, वाचता-लिहिता येते का, मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचे नाव व पत्ता, कोणाकडे जाणार आणि खिशात पैसे किती, असे रकाने असत. या रकान्यांत बापाचे नाव आणि गाव सापडले की निम्मा शोध संपला असे समजावे. यादीच्या जोडीला १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज आणि १९१७-१८ मधील लष्करी नोंदणीपत्रे ताडून पाहिली जातात.

नावाची उकल

ग्रीक नावाची रचना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. स्वतःचे नाव, मध्ये वडिलांचे नाव, शेवटी आडनाव, अशीच ती असते. थोरल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येते आणि नातवाच्या नावावरून आजोबांच्या नावाचा अंदाज बांधता येतो. मात्र याच प्रथेमुळे एका गावात एकाच नावाचे चार चुलतभाऊ सापडतात. अशा वेळी मधले नाव हाच निवाडा करते. आडनावाचा शेवटही प्रदेश सुचवतो. ‘पूलोस’ बहुधा पेलोपोनीजचे, ‘आकिस’ बहुधा क्रीट बेटाचे. अमेरिकेत पापादोपूलोसचे पापास झाले, कोन्स्तांतिनोसचा गस झाला, दिमित्रिओसचा जिम झाला. १९६९ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या वडिलांचे मूळ आडनाव अनाग्नोस्तोपूलोस होते.

याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण लुई टिकास यांचे आहे. कोलोरॅडोतील कोळसा खाणकामगारांच्या संपात ते ग्रीक मजुरांचे पुढारी होते. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील संपकऱ्यांच्या तंबूवस्तीवर सशस्त्र दलाने हल्ला केला. तंबू पेटले, खड्ड्यात लपलेली ११ मुले आणि दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, आणि टिकास यांना गोळ्या घालण्यात आल्या. लुई टिकास हे नाव त्यांच्या गावी कोणाला ओळखू आले नसते. झीस पापानिकोलास या ग्रीकवंशीय लेखकाने कागदोपत्री आणि माणसांमाणसांतून शोध घेऊन १९८२ साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा लुई म्हणजे क्रीटमधील लूत्रा गावचा इलिआस स्पांतिदाकिस. नाव सापडले, तसा तो मजूर पुन्हा कोणाचा तरी मुलगा आणि कुठल्या तरी गावचा रहिवासी झाला.

गावाकडची दप्तरे

गाव कळल्यावर शोध समुद्र ओलांडून ग्रीसमध्ये जातो. तेथे लष्करभरतीसाठी ठेवलेली पुरुष-नोंदवही, नगरपालिकेची कुटुंब-नोंदवही, मतदार याद्या आणि चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी पाहाव्या लागतात. यांतील बरीच जुनी दप्तरे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी अभिलेखागाराच्या जिल्हा शाखांत आहेत. येथे तीन सावधगिऱ्या आवश्यक ठरतात. एक, ग्रीसने नवी दिनदर्शिका १९२३ मध्ये स्वीकारली; त्यापूर्वीच्या विसाव्या शतकातील तारखांत १३ दिवसांचा फरक पडतो. दोन, अनेक गावांची नावे नंतर बदलली गेली. तीन, त्या काळी पुष्कळ ग्रीक तुर्की साम्राज्याचे प्रजाजन होते, म्हणून यादीत देश ‘तुर्कस्तान’ आणि वंश ‘ग्रीक’ अशी नोंद आढळते. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीने तर तुर्कस्तानातील ग्रीकांची गावेच त्यांना पारखी झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुरुष-नोंदवहीत आजीचे नाव नसते. तिचा माग विवाहनोंदीत, मुलांच्या बाप्तिस्म्यात, कधी थडग्यावरच्या दगडात घ्यावा लागतो. ज्याला कर भरायचा वा बंदूक धरायची, त्याची नोंद राज्याने आधी केली. जिने घर धरून ठेवले तिची नंतर.

आपल्या डोंगरातील यवन कुटुंब

ग्रीक स्थलांतरितांची एक कुळकथा आपल्या महाराष्ट्रातही कोरलेली आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १७ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. उत्तरेकडील दत्तामित्री नगराहून आलेल्या, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या यवनाने आईवडिलांप्रीत्यर्थ हे लेणे कोरविले; सोबत त्याचा पुत्र धम्मरखित होता. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्यांच्या परंपरेतले लोक. आजोबा, पुत्र, नातू अशा तीन पिढ्या, मूळ गाव आणि येण्याची दिशा, सर्व काही एका लेखात आले आहे. तिघांचीही नावे मात्र भारतीय आहेत. लेखात ‘यवन’ हा शब्द नसता, तर ते परदेशी वंशाचे होते हे आपल्याला कधीच कळले नसते. येथेही आईचा उल्लेख आहे, नाव नाही.

आपल्यासाठी स्वाध्याय

ज्यांच्या पूर्वजांची वंशावळ कोणी वहीत लिहून ठेवली नाही, त्यांनी ‘आमचा इतिहासच नाही’ असे म्हणू नये. शाळेचे जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने सातबारा उतारे आणि गिरणीची हजेरीपत्रके हीच आपली प्रवासी यादी आहे. या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने पुढील कामे करावीत, आणि पालकांनी त्यांना साहाय्य करावे, ही विनंती.

१. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून तिच्या आईचे, आजीचे आणि त्यांच्या माहेरच्या गावांचे नाव लिहून घ्यावे.

२. ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले, हे नोंदवावे.

३. त्यांपैकी एक तरी गोष्ट कागदावर पडताळावी. जुळली नाही तर दोन्ही नोंदी तशाच ठेवाव्यात, खोडू नयेत.

कागद पुढच्या वर्षीही दप्तरात असेल. सांगणारी माणसे असतील याची खात्री नाही. म्हणून पहिले काम आधी करावे.