टेबल जसं, तसा खेळ

पूल या खेळात फिलिपिनो लोकांच्या हातातच जादू आहे, असं नेहमी म्हटलं जातं. मला वाटतं, ती जादू त्यांच्या गल्लीतल्या टेबलावर शोधावी. तिथे 'रोटेशन' खेळतात: 15 चेंडू, आकड्यांच्या क्रमानेच. पुढचा चेंडू दुसऱ्याआड दडला, तर कुशनला मारून तो गाठायचा. एफ्रेन रेयेस मनिलात नातेवाइकाच्या पूल-हॉलमध्ये असंच खेळत वाढले. नाइन-बॉलमध्येही क्रम पाळावा लागतो. 1999 मध्ये कार्डिफला ते त्यात जगज्जेते झाले.

आपल्याकडे इंग्रजांनी 12 फुटी टेबल आणलं, तेही छावण्यांत आणि क्लबांत. स्नूकरचा जन्म 1875 मध्ये आपल्या जबलपूरलाच झाला असं मानतात. त्या मोठ्या टेबलावर नेमकेपणा आणि संयम लागतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले ते याच टेबलावर.

पण क्लबचं दार सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. आमच्या तिरोडीत, मँगनीज खाणीच्या गावात, पोरांच्या बोटांना माहीत असतो तो कॅरमचा स्ट्रायकर. कोन त्यांनाही कळतात. म्हणून 'आपल्या लोकांत ते नाहीच' म्हणण्याआधी विचारू या: टेबल कुणाच्या हाताशी होतं?