आधी पाणी, मग गिलावा

दिवाळीच्या तोंडावर आलेला पेंटर भिंत कमी आणि कॅलेंडर जास्त बघतो. सिंदी मेघेतल्या आमच्या जुन्या घरात दर रंगकामाला हेच. बैठकीची भिंत विटांची, जुडाई मातीची, वर चुन्याचा गिलावा. कमरेपर्यंत पोपडे सुटायचे. ते पत्रीने खरवडायचे, पुट्टीचे दोन हात, वर रंग. उन्हाळ्यापर्यंत पुन्हा फुगवटे. एका ठेकेदाराने तेवढा भाग झोडपून सिमेंटचा पट्टा चढवला. पुढच्या पावसाळ्यानंतर ओल पट्ट्याच्याही वर, छातीच्या उंचीवर उमटली.

अशा घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. जमिनीतले पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून क्षारांसकट वर चढते. पाणी हवेत उडून जाते. क्षार मागे उरून त्यांचे खडे होतात आणि गिलाव्याला आतून लोटतात. सिमेंटने उडण्याची वाट बुजवली की पाणी आणखी वर सरकते. जवळच सेवाग्रामला बापू कुटी पाहा. मातीच्या भिंतीला मातीचेच लिंपण, तेही पुन्हापुन्हा. नरम भिंतीला नरम थर, हे तिथे बघूनच कळते.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. करणीच्या मुठीने भिंत वाजवत गेले आणि म्हणाले, "काकाजी, पह्यले पानी कुठून येते ते पाहा लागते." पाणी बाहेरून येत होते. मुरूम आणि फरशी टाकून टाकून अंगण जोत्याच्या वर गेले होते, न्हाणीच्या मोरीचा सांधाही झिरपत होता. अंगण उतरवून उतार उलट दिशेला दिला, सांधा बदलला आणि भिंत नुसती उघडी ठेवली. घरच्यांना उघड्या भिंतीचे ते महिने फार जड गेले. पाहुण्यांना उघड्या विटा दाखवायच्या कशा, हा आमच्याकडे मोठा प्रश्न असतो!

भेगांचे वेगळे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पायाच हलतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्हीकडे घट्ट चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर गिलाव्याला हात लावण्याआधी पाया इंजिनिअरला दाखवा.

पाणी थांबले की ठोकल्यावर पोकळ वाजेल तेवढाच गिलावा काढा; ओल असेल तिथे खुणेच्या फूटभर वरपर्यंत. निम्म्याहून जास्त भिंत पोकळ वाजली तर मात्र सगळाच उतरवा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा; धुतले तर ते परत आत मुरतात. भिंत वाळली का, हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरले तर थांबा. मग चुना एक, धुतलेली वाळू तीन, असे दोन पातळ हात; मधे ओले गोणपाट. चुना कालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. जुना तेलरंग कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली तीच २०१७ मध्ये.

वर प्लास्टिक पेंट नको, चुन्याची सफेदी बरी. कामाला हात घाला तो दिवाळी उलटल्यावर. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ओला गिलावा घाईने वाळून तडकतो, पावसाळ्यात वाळतच नाही. शिवाय दिवाळीनंतर पेंटरलाही फुरसत असते आणि मजुरीची घासाघीस जरा जमते.