परवान्याआधी श्रवण

चि. श्रीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. हौशी रेडिओचा परवाना काढण्याचा तुझा मनोदय वाचून संतोष वाटला. मात्र परीक्षेविषयी एक ओळ आणि सेटच्या किमतींविषयी पानभर मजकूर, हे प्रमाण काही मला रुचले नाही. परवान्यावाचून प्रक्षेपक बाळगणे कायद्यास मंजूर नाही, तेव्हा तो विषय तूर्त बासनात बांधून ठेव.

परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा घेते. वयाची अट 12 वर्षांची, ती तू केव्हाच ओलांडली आहेस. वर्ग दोन, सर्वसाधारण व मर्यादित. रेडिओशास्त्र आणि नियम हे विषय दोहोंस समान असून, सर्वसाधारण वर्गास त्याखेरीज मिनिटाला 8 शब्दांच्या गतीने मोर्स यावे लागते. मोर्सच्या धास्तीने पुष्कळ जण मर्यादित वर्गावर समाधान मानतात. तू तसे करू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ज्या क्षीण संकेतातून मनुष्याचा आवाज उमटत नाही त्यातूनही मोर्सची टिकटिक कानी पडते. नियम मात्र नुसते घोकू नकोस. व्यापारी निरोप, गुप्त सांकेतिक भाषा आणि गाण्यांचे प्रसारण यांस मनाई का, याचे उत्तर ही सवलत स्वशिक्षणासाठी व तांत्रिक जिज्ञासेसाठी दिलेली आहे, या एका गोष्टीत सापडते.

अर्ज मंजूर होईतो ऐकत राहा. 7000 ते 7200 किलोहर्ट्झ हा हौशी मंडळींचा पट्टा धर. साध्या ट्रान्झिस्टरवर तेथील संभाषण बदकाच्या कलकलाटासारखे वाटेल, कारण ही मंडळी वाहक लहर गाळून एकाच बाजूचा पट्टा पाठवतात. त्यासाठी एसएसबीची, म्हणजे या एकपट्टी पद्धतीची, सोय असलेला ग्राहक रेडिओ हवा. एरियलसाठी तांब्याच्या तारेचे सुमारे दहा-दहा मीटरांचे दोन हात पुरतात. मध्यभागी कोॲक्सिअल केबल जोडावी, आणि विजेच्या तारांपासून सर्व प्रकरण दूर ठेवावे. सूर्य वर असताना आयनावरणाचा खालचा थर लहरी शोषून घेतो, म्हणून दिवसा जवळचीच स्थानके मिळतील. रात्री तो थर विरला, की दूरदेशीची बोलू लागतील. हा पालट पुस्तकात वाचण्यापूर्वी कानांनी अनुभवावा.

या छंदास रिकामपणाचा उद्योग म्हणणारे वडीलधारे आपल्या घरातही आहेत. त्यांना वाद न घालता एवढेच सांग, की डिसेंबर 2004 मध्ये केवळ हौसेने अंदमानास गेलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, पोर्ट ब्लेअरला होते, आणि 26 तारखेच्या त्सुनामीनंतर नेहमीची दळणवळणाची साधने बंद पडली, तेव्हा बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांनी मुख्य भूमीस पोचवले.

ऐकलेल्या प्रत्येक स्थानकाची वेळ, कंपनसंख्या व संकेतनाम लिहिण्यास आजपासून एक वही घाल, आणि दिवाळीच्या सुट्टीत येताना ती बरोबर आण. कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका