गरज कोणाची?



शाळेत तुम्ही कधी ना कधी वर्गणी गोळा केली असेल. उर्दूत आपण तिला चंदा म्हणतो. डबा घेऊन वर्गावर्गांतून फिरणे सोपे असते. खरे अवघड काम पुढे असते. जमलेले पैसे कोणाला द्यायचे?

थोड्या थोड्या दानातून मोठे काम उभे राहते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांच्यासाठी घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढले जाई. त्याला 'मुष्टिफंड' म्हणत. आपली मूठ शिकणाऱ्या मुलांच्या ताटात पडणार, हा विश्वास देणाऱ्याला होता. वर्गणी देणाऱ्यालाही असाच विश्वास हवा. त्याचे पैसे आपल्याजवळ अमानत असतात.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात तर स्थानिक संस्थांपैकी कोणाला मदत द्यायची, हे ठरवण्यासाठी शाळकरी मुलांच्या समित्या आहेत. हे काम आपल्याकडेही होऊ शकते. कसे, ते पाहू.

समजा, इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या एका शाळेत मुलामुलींनी ३,००० रुपये साठवले. सात विद्यार्थ्यांची समिती नेमली. डिसेंबर महिन्यात समितीकडे दोन अर्ज आले. एका वाचनालयाला पुस्तकांसाठी कपाट हवे होते. एका मंडळाला उन्हाळ्यात बसथांब्यावर पाणपोई घालायची होती. दोन्ही कामे चांगलीच!

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "ज्यांना अर्ज करता येत नाही, त्यांचे काय?"

सारे विचारात पडले. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार या भागात येतात. उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहतात. मुलेही बरोबर असतात. त्यांची शाळा गावी मागे राहते. काहींचा दिवस धाकट्या भावंडांना सांभाळण्यातच जातो. अशा मुलांसाठी दोन तरुण संध्याकाळी वर्ग चालवत होते. समिती तेथे गेली. मुले तीस आणि पाट्या बाराच!

आता निर्णय घ्यायचा होता. एक मुलगा म्हणाला, "तिघांना हजार हजार रुपये देऊ. कोणीच रागावणार नाही." पण हजार रुपयांत कपाट येत नाही. समान वाटणी नेहमीच न्यायाची असते असे नाही. कधी कधी ती केवळ निर्णय टाळण्यासाठी केलेली असते.

मग समितीने प्रत्येक कामाबद्दल चार प्रश्न विचारले.

१. हे काम आत्ताच व्हायला हवे का?
२. आपल्या रकमेत ते पुरे होईल का?
३. पैशांचा हिशेब मिळेल का?
४. आपल्यापैकी कोणाचा त्यात संबंध आहे का?

पाणपोईला अजून अवकाश होता. कपाट पुढच्या वर्षीही घेता आले असते. पण ऊसतोडीचा हंगाम संपला, की ती मुले निघून जाणार होती. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. त्याविषयीचा कायदा १९५० चा आहे. वाचनालयाची अशी नोंदणी होती, संध्याकाळच्या वर्गाची नव्हती. म्हणून रोख रक्कम न देता पाट्या, वह्या आणि दिवे विकत घेऊन द्यावेत व पावती जपून ठेवावी, असे ठरले. एका सभासदाचे चाचा मंडळात होते, म्हणून त्याने मत दिले नाही. उरलेल्या सहांपैकी चौघांनी वर्गाच्या बाजूने मत दिले.

काम येथेच संपले नाही. ज्यांना नकार दिला, त्यांना समितीने कारणासह पत्र लिहिले. पाणपोईसाठी उन्हाळ्यात रोज रांजण भरून देण्याचे कबूल केले. त्याला पैसे लागत नव्हते, हात लागत होते. महिन्याने समिती पुन्हा कोप्यांवर गेली. दिलेल्या वस्तू मुलांच्या हाती आहेत की नाहीत, हे पाहणेही तिचेच काम होते.

मित्रांनो, 'गरज' हा शब्द उर्दूतही आहे. तेथे त्याचा अर्थ हेतू किंवा मतलब. 'खुदगरज' माणूस तुम्हांला माहीतच आहे. मराठीत मात्र 'गरज' म्हणजे जरुरत. मदत देताना ही दोन्ही अक्षरे समोर येतात आणि सारखीच दिसतात. मागणाऱ्याचा आवाज मोठा म्हणून त्याची जरुरत मोठी ठरत नाही. जेथे कोणी मागायला येत नाही, तेथे आपणच चालत जावे आणि पाहावे.

शब्दार्थ
वर्गणी – चंदा. फड – तोडणीचे उसाचे शेत. कोपी – पाचटाची झोपडी. पाणपोई – वाटसरूंना फुकट पाणी देण्याची जागा. रांजण – पाण्याचा मोठा माठ.

स्वाध्याय
१. 'मुष्टिफंड' म्हणजे काय?
२. समान वाटणी समितीला योग्य का वाटली नाही?
३. एका सभासदाने मत का दिले नाही?
४. तुम्ही समितीत असता, तर कोणाला मत दिले असते? कारणासह पाच वाक्ये लिहा.
५. 'गरज' शब्द मराठी अर्थाने वापरून दोन वाक्ये तयार करा.