प्रतीची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, कष्टानें लिहिलेली वही हरवली म्हणजे मनास केवढी हुरहूर लागते, हें तुम्हांस सांगावयास नको. मग शेंकडों मनुष्यांचें काम कांहीं क्षणांत नाहींसें झालें तर काय वाटत असेल? असा प्रसंग सन १९९८ मध्यें अमेरिकेंतील पिक्सार कंपनीवर ओढवला. 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाचें काम चाललें असतां कोणींतरी फाइली पुसून टाकण्याची आज्ञा संगणकास चुकीच्या ठिकाणीं दिली. पाहतां पाहतां वुडी नांवाच्या बाहुल्याची टोपी गेली, मग बूट गेले, शेवटीं वुडीही गेला. बहुतेक काम नष्ट झालें. राखीव प्रत होती; पण ती उतरवूं जातां सदोष निघाली. सुदैवानें गॅलिन सुसमन ह्या अधिकारी बाई तान्ह्या मुलामुळें घरूनही काम करीत, व त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तिनेंच त्या वेळीं सर्वांस तारलें.

ह्यावरून काय घ्यावयाचें? राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवणें हें निम्मेंच काम होय. ती परत उतरवितां येते कीं नाहीं हें पाहणें, हें उरलेलें निम्में. लिनक्स प्रणालींत हें काम टंकलिखित आज्ञांनीं कसें करितात, तें क्रमानें पाहूं.

प्रथम, बिघडलेल्या डिस्कवर नवें कांहींही लिहूं नये. पुसलेला मजकूर पुष्कळदां तेथेंच पडलेला असतो; नव्या लिखाणाखालीं तो कायमचा गाडला जातो. म्हणून संगणक पेन ड्राइव्हवरील निराळ्या लिनक्सनें सुरू करावा. नंतर 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी, म्हणजे जोडलेल्या सर्व डिस्कांचीं नांवें व आकार पडद्यावर येतात. त्यांतील राखीव प्रतीची डिस्क कोणती व कोरी कोणती, हें कागदावर लिहून घ्यावें. हा सल्ला क्षुल्लक वाटेल. परंतु 'डीडी' ही आज्ञा एका डिस्कवरील सर्व कांहीं जसेंच्या तसें दुसरीवर उतरविते. कोठून व कोठें हीं दोन नांवें उलटीं पडलीं, तर कोऱ्या डिस्कचें कोरेपणच राखीव प्रतीवर उतरतें. 'खरोखरच करूं काय?' असें ही आज्ञा विचारीत नाहीं.

दुसरें, प्रत अभंग आहे कीं नाहीं हें तपासावें. 'शा२५६सम' ही आज्ञा फाइलींतील सर्व मजकुरावरून ६४ चिन्हांची एक खूण काढिते. मजकुरांत एक अक्षर जरी बदललें, तरी ती खूण पार पालटते. प्रत काढतेवेळीं लिहून ठेवलेली खूण आजच्या खुणेशीं जुळली, म्हणजे प्रत मध्यंतरीं बिघडलेली नाहीं असें समजावें.

तिसरें, प्रत्यक्ष उतरविणें. 'टार' ही आज्ञा सन १९७९ पासून युनिक्स प्रणालींत आहे. ती अनेक फाइलींचें एक गांठोडें बांधिते व सोडिते. गांठोडें सोडण्यापूर्वीं 'टी' हें अक्षर देऊन आंतील यादी वाचावी. मग 'एक्स' देऊन सोडावें. सोबत 'पी' दिलें, म्हणजे कोणती फाइल कोणीं वाचावी व कोणीं बदलावी, ह्याविषयींचे मूळ नियमही कायम राहतात.

येथें पुष्कळांस वाटतें, काम संपलें. पण संगणक सुरूच होत नाहीं! कारण असें कीं, डिस्कवरील प्रत्येक विभागास स्वतःची ओळखखूण असते. नव्या डिस्कवर नवा विभाग केला कीं ती खूणही नवी होते. 'एफस्टॅब' नांवाच्या फाइलींत मात्र जुनीच लिहिलेली असते. ती दुरुस्त करावी, आणि संगणकास जागें करणारा 'ग्रब' हा लहानसा प्रोग्रॅम नव्या डिस्कवर पुन्हां बसवावा.

नुसत्या भरंवशावर राहिल्यानें मोठमोठे जाणतेही कसे फसतात, ह्याचा दाखला ३१ जानेवारी २०१७ चा आहे. गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्यानें दुय्यम संगणकासाठीं असलेली पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य संगणकास दिली, आणि सुमारें ३०० गिगाबाइट माहिती गेली. रोजची प्रत शोधूं लागले, तों ती निघतच नव्हती! माहितीकोश ९.६ आवृत्तीचा, तर प्रत काढणारें साधन ९.२ चें, आणि हें अपयश कळविणारीं पत्रेंही कोणास पोंचत नव्हतीं. अखेर सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं काढलेली प्रत उपयोगीं पडली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र परत आली नाहीं. कंपनीनें ही हकीकत स्वतःच जगापुढें मांडिली, हें तिला भूषणावह आहे.

पालकांसही विनंती आहे. घरांतील छायाचित्रें, कागदपत्रें व मुलांचें काम ह्यांची प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या जागीं ठेवावी. आणि वर्षांतून निदान एकदां मुलांस जवळ बसवून, ती एखाद्या रिकाम्या फोल्डरांत उतरवून उघडून पाहावी. परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्यास आपण उत्तीर्ण म्हणत नाहीं. मग जी प्रत कधीं उतरवून पाहिली नाहीं, तिच्यावर तरी विश्वास कां टाकावा?