होडीवरचं तांबं तपासा

सभासद बंधूंनो, देवघरातलं तांबं आपण चिंचेनं घासतो. होडीवरचं मात्र विसरतो.

१) वायर: तांब्याची तार हिरवी पडली की जोड तापतो, आगही लागू शकते. हिरवा भाग कापून नवा जोड करा.

२) तळाचा रंग: त्यातल्या तांब्यामुळे शेवाळ, शिंपले कमी धरतात. पण अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला तो लावू नका, पत्रा खाल्ला जातो.

३) पंखा: पितळ, ब्राँझ म्हणजेही मुख्यतः तांबंच. खाऱ्या पाण्यात ते शेजारचं लोखंड झिजवतं. १७६१ साली इंग्रज नौदलानं 'अलार्म' जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले; दोन वर्षांत बरेच लोखंडी खिळे कुजलेले निघाले. म्हणून जस्ताचा तुकडा बसवतात. आधी जस्त झिजतं, बाकीचं वाचतं. अर्धा झिजला की बदला, त्यावर रंग मारू नका.

१ ऑगस्टला बंदी उठण्याआधी आपण सगळेच एवढं बघून घेऊया.